'खाओस' म्हणजे गोंधळ नव्हे

भाचीच्या तत्त्वज्ञानाच्या वहीत परवा एक वाक्य दिसलं: 'ग्रीकांच्या मते विश्वाच्या निर्मितीपूर्वी सगळीकडे गोंधळ होता.' त्यातले 'गोंधळ' आणि 'निर्मिती' हे दोन्ही शब्द मला खटकतात.

आधी गोंधळ. ग्रीक कवी हेसिऑडने इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास 'थिऑगनी' हे देवांच्या उत्पत्तीचं काव्य रचलं. त्यात सर्वांत आधी खाओस (इंग्रजीतला 'केऑस') झालं, मग पृथ्वी. 'खाओस'च्या धातूचा अर्थ तोंड उघडणं, जांभई देणं. आपल्याकडे तर शब्द तयारच आहे: आ वासणे. खाओस म्हणजे आ वासलेली पोकळी. गोंधळ व्हायला आधी चार वस्तू तरी लागतात, इथे एकही नाही. वस्तूंचा अस्ताव्यस्त ढीग हा अर्थ ठळक झाला तो जवळपास सातशे वर्षांनी, लॅटिन कवी ओव्हिडच्या वर्णनामुळे. इंग्रजीतून आपल्यापर्यंत पोचला तो हाच. 'विवर' चालेल का, असं कुणी विचारेल. पण विवर कशात तरी पडलेलं असतं, म्हणून मला 'पोकळी'च बरा वाटतो.

आता निर्मिती. हेसिऑडचं क्रियापद आहे 'गेनेतो', म्हणजे झालं, उपजलं. संस्कृतातला 'जन्' आणि हा ग्रीक धातू मुळात एकच. खाओस कुणी केलं नाही, ते झालं. म्हणून इथे 'उत्पत्ती' हवं. मिलेटस या प्राचीन ग्रीक शहरातल्या विचारवंतांनाही हाच शब्द लागू पडतो. थेलीसने पाणी मूळ मानलं, अ‍ॅनेक्झिमिनीसने हवा. दोघांच्या मधल्या अ‍ॅनेक्झिमँडरने 'अपेरॉन', म्हणजे ज्याला सीमाच नाही असं काही. अभाव दाखवणारा तो सुरुवातीचा 'अ' आपल्या 'अ'चाच भाऊ. 'अमर्याद' चुकीचा नाही, पण मी डोळे मिटून 'अपार' लिहीन.

'निर्मिती' शोभते ती प्लेटोच्या 'टिमेयस' या संवादात. तिथे विश्व घडवणारा आहे, त्याचं नाव 'देमिउर्गोस'. मराठीत सर्रास 'ईश्वर' किंवा 'ब्रह्मदेव' लिहितात. पण देमोस म्हणजे लोक, एर्गोन म्हणजे काम. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात सुतार, वैद्य, भविष्यवेत्ता आणि गायक यांना लोकांसाठी काम करणारे म्हणून हाच शब्द येतो. वाचताना मला गावचे बलुतेदार आठवले! आणि प्लेटोचा देमिउर्गोस शून्यातून काही काढत नाही. समोर जे सैरभैर हलतं आहे त्याला तो शाश्वत नमुन्याकडे पाहून वळण लावतो, लाकूड हाती घेतलेल्या सुताराने लावावं तसं. 'विश्वकर्मा' जवळचा आहे, पण मला साधा 'कारागीर' जास्त आवडतो.

राहिला 'कॉसमॉस', विश्वासाठीचा ग्रीक शब्द. इथे मी खरोखर अडलो आहे. होमरच्याच 'इलियड'च्या चौदाव्या सर्गात हेरा देवी अंगाला तेल लावते, वेण्या घालते, वस्त्र नेसते, कानात तीन मण्यांची कर्णभूषणं घालते. त्या सगळ्या साजाला होमर 'कॉसमॉस' म्हणतो. नीट लावलेलं, म्हणून देखणं. पुढे हाच शब्द साऱ्या विश्वाला लागला. आपलं 'विश्व' म्हणजे मुळात 'सगळं'. त्यात ना शिस्त, ना साज. 'सुरचना' कोरडा वाटतो. 'मांडणी'त शिस्त येते, पण देखणेपण हरवतं. दोन्ही पेलणारा शब्द कुणाला सुचतोय का?