अल्टोचे समोरचे ब्रेक पॅड घरीच बदलता येतीन का?

पांदणरस्ता
नमस्कार भाऊ लोकहो. आमचं गाव दारव्ह्यापासून आत हाय, गॅरेज म्हणाल तर दारव्हा नाईतर सरळ यवतमाळ. जुनी अल्टो हाय, काही दिवसापासून ब्रेक दाबला का समोरच्या डाव्या चाकातून किर्रर्र आवाज येऊन रायला. ब्रेक लागते बराबर, पण आवाज जात नाई, आणि बॅटरी मारून फटीतून पाह्यलं तर पॅड लय पातळ दिसते. ट्रॅक्टरचं ऑइल, फिल्टर, पंक्चर हे सगळं मी घरीच करतो पण कारच्या ब्रेकले आजवर हात नाई लावला. आईले दवाखान्यात याच गाडीनं न्या लागते म्हणून भीती बी वाटते. पॅड आणून घरी बसवू का? काय काय ध्यानात ठेवा लागीन?

गोटीपाना
बसव भाऊ, समोरच्या चाकाले डिस्क ब्रेक हाय (चाकासंग फिरणारी लोखंडी थाळी, तिले पॅड दाबून धरते) म्हणून सांगतो, हे काम शिकण्यासारखं हाय. तो आवाज बहुतेक पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीचा असीन, मसाला (पॅडवरचा घासणारा थर) संपत आला का ती पट्टी डिस्कले घासते आणि ओरडते, त्याच्यासाठीच असते ती. मसाला ३ मिलिमीटरच्या आत आला असन तर आता थांबू नको. पॅड दोन्ही चाकाचे बदलायचे, डाव्याचा आवाज येते म्हणून एकट्या डाव्याचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूले ओढते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जॅक. काळ्या मातीत जॅक लावू नको, वरून कडक दिसते आणि वजन पडलं का खचते. सिमेंटचं अंगण पाह्य, नसन तर जॅकखाली जाड फळी टाक. हँडब्रेक वढ आणि मागच्या चाकाले दोन्हीकून दगड लाव. अल्टोले इंजिनची ताकद समोरच्या चाकाले असते, ते चाक हवेत गेलं का गिअरमधी टाकून ठेवलेल्या गाडीचा बी भरवसा नाई, मागचा हँडब्रेक आणि दगडच धरून ठेवते. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले कर, मग उचल. गाडीसोबत येते त्या जॅकवर गाडी ठेवून काम नाई करायचं, तो स्टेपनी बदलण्यापुरता हाय. गॅरेजवाल्याकून गाडी टेकवायचं स्टँड मागून आण, आणि काढलेलं चाक बी दरवाज्याखाली आडवं टाकून ठेव.

मग स्टेरिंग वळवलं का कॅलिपर, म्हंजे डिस्कवर पॅड दाबणारा लोखंडी चिमटा, समोर येते. मागचा खालचा बोल्ट काढला का कॅलिपर वर उचलते, जुने पॅड कसे बसले त्याचा मोबाईलवर फोटो काढ मंगच काढ. कॅलिपर पूर्ण काढलाच तर तारेनं बांध, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नको. नवे पॅड जाड असते म्हणून कॅलिपरमधला पॅडले ढकलणारा पिस्टन मागं दाबा लागते, जुना पॅड मधात ठेवून सी क्लॅम्पनं हळूहळू दाब. बोनेटमधी ब्रेक ऑइलच्या डबीकडे ध्यान ठेव, पिस्टन मागं गेला का तिथलं ऑइल वर चढते. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी मार, पेंट खाते ते.

मोर्शीकर
वरच्यांनी सांगितलं ते बरोबर, फक्त एक. धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारा, पेट्रोल-डिझेल रबराला लावू नका. आणि मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक पहिल्यांदाच एकटे उघडू नका, त्यात स्प्रिंगा असतात, बसवायला वेळ लागतो. एकदा मिस्त्री उघडताना शेजारी उभं राहून बघा.

पांदणरस्ता
उघडलं भाऊ आज, यवतमाळहून स्टँड आणले. डाव्या चाकाचा आतला पॅड पार पत्र्याले आलता आणि बाहेरचा अर्धा शिल्लक होता, उजवीकडे दोन्ही सारखे हायेत. हे काऊन असं झालं? आणि डबीत ब्रेक ऑइल कमी हाय, भरून टाकू का?

गोटीपाना
डावीकडची स्लाइड पिन जाम असन. कॅलिपर त्या पिनीवर सरकते तवाच दोन्ही पॅड सारखे दाबते, आपल्या पांदणीच्या धुळीनं आणि चिखलानं रबर फाटलं का आत गंज धरते. पिन काढ, पुस, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लाव, ट्रॅक्टरचं साधं ग्रीस नको, रबर फुगते त्यानं. पिन हातानं सरकली पायजे. रबर फाटलं असन तर बदल. पिस्टनवरचं रबर फाटलं असन किंवा पिस्टन दाबून जातच नसन तर तिथंच थांब आणि मिस्त्रीले बोलव, बळजबरी करू नको.

ऑइल आत्ताच भरू नको. पॅड झिजले का पिस्टन बाहेर येते आणि डबीतलं ऑइल आपोआप खाली जाते, नवे पॅड बसल्यावर पातळी वर येईन. मंग बी कमी दिसलं तर झाकणावर जो डॉट (ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा नंबर) लिहिला असन तोच नवीन सीलबंद डबा आण, उघडा पडलेला नको, हे ऑइल हवेतलं पाणी ओढते. आणि पाइपभोवती, चाकाच्या आत ओल दिसते का पाह्य, दिसली तर गाडी हलवू नको.

मोर्शीकर
डिस्कवर बोट फिरवा. खोल चर लागले तर डिस्क पण दाखवून घ्या, नव्या पॅडनं ते चर भरत नाहीत. डिस्कवर आणि पॅडच्या मसाल्यावर ग्रीसचा हात लागू देऊ नका.

सगळं बसलं, नट आडवे-आडवे आवळले, की गाडी सुरू करायच्या आधी पेडल दाबत रहा, कडक लागेपर्यंत. पहिल्यांदा पेडल थेट खाली जाईल कारण पिस्टन मागं गेलेला असतो, तसंच गाडी काढली तर ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा, नंतर थोडा वेग वाढवून. पेडल नरम लागलं किंवा गाडी ओढली तर आईला बसवायच्या आधी मिस्त्रीला दाखवा. थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.