दहा दिवस शांत राहिलेला हात पुन्हा फोनकडे का जातो?

मुळाकाठ (प्रश्न)

गेल्या महिन्यात मी इगतपुरीच्या धम्मगिरी येथे दहा दिवसांचे विपश्यना शिबीर पूर्ण केले. सुरुवातीलाच मोबाइल, पुस्तके आणि वही-पेन जमा करून घेतात, पहाटे चारला घंटा होते आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन असते. सहाव्या दिवसापासून मला फोनची आठवणसुद्धा येईनाशी झाली. मी भाषांतराचे काम करते. परतल्यावर पहिल्या आठवड्यात मला एका बैठकीत दोन-दोन तास मजकुरात बुडून राहता आले, जे गेल्या कित्येक वर्षांत जमले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळे पूर्वपदावर आले. एखादे वाक्य अडले, की ते सुटण्याआधीच हात फोनवर गेलेला असतो, आणि तो कधी गेला हे मला कळलेलेही नसते. या न कळण्याचेच मला जास्त वाईट वाटते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितले आहे, त्यातली संध्याकाळची बैठक आता सुटलीच आहे. शिबिरात अनुभवलेली शांतता खरी होती, की केवळ फोन हाताशी नसल्यामुळे तसे वाटले? आणि घरच्या साधनेसाठी फोनवरचे ध्यानाचे ॲप वापरावे का?

जुनी साधिका

शांतता खरी होती, आणि फोन जवळ नसल्यामुळे ती लवकर आली, हेही खरे आहे. शिबिराची रचनाच तशी आहे: पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे फक्त नैसर्गिक श्वासाकडे लक्ष, आणि मन जरा सूक्ष्म झाल्यावर चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणे. बाहेरून काही येत नसेल, तरच नाकाशी होणारा एवढासा स्पर्श जाणवू शकतो.

आपण लिहिलेला ‘वाक्य अडले’ हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. वाक्य अडते तेव्हा शरीरात कुठेतरी बारीकशी अस्वस्थता उठते. माझ्या बाबतीत ती घशाखाली जाणवते. हात खरे तर फोनकडे जात नसतो, तो त्या अस्वस्थतेपासून दूर जात असतो. अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलता बसण्याचा निश्चय केलेल्या, तासाला गुडघा ठणकत असताना आपण न हलता ती संवेदना पाहिलीत, तेच येथे करायचे आहे. फरक इतकाच, की गुडघ्याचे दुखणे ठळक असते आणि ही चुळबुळ इतकी पुसट असते, की ती कळण्याआधीच आपण प्रतिक्रिया देऊन मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगते. दुसऱ्या शिबिरानंतर माझीही अशीच घसरण झाली आणि मी रोज स्वतःला दोष देत राहिले. ती बोचणीसुद्धा एक अप्रिय संवेदनाच होती, आणि तिच्यापासून सुटण्यासाठी मी पुन्हा फोनच उचलत होते. हे लक्षात यायला मला वर्ष लागले. ॲपबद्दल म्हणाल, तर वेळ पाहायला टेबलावरचे साधे घड्याळ पुरते.

संगणककार

वरचा प्रतिसाद मला मनापासून पटला. तरीही सगळा भार साधकाच्या समतेवर, म्हणजे मनाच्या समतोलावर, टाकणे मला अन्यायाचे वाटते. मी बारा वर्षे ॲपच्या पडद्यांची रचना करण्याचे काम केले आहे. पूर्वी पान संपायचे आणि पुढचे उघडायचे की नाही हे ठरवायला एक क्षण मिळायचा. २००६ साली अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो क्षणच नाहीसा झाला. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. दुसरे कारण त्याहून जुने आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगातल्या कबुतरांना दाणा कधी मिळेल याचा नेम नसे, तेव्हा ती अधिक चिकाटीने चोच मारत राहत. फोन उघडल्यावर काही चांगले मिळेलच असे नसते, आणि म्हणूनच तो पुन्हापुन्हा उघडला जातो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी २००४ मध्ये मोजले तेव्हा माणसे एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होती. अलीकडच्या वर्षांत हा काळ ४७ सेकंदांवर आला आहे. त्यांचे दुसरे निरीक्षण आपल्याला अधिक लागू पडते: कामातले बरेचसे अडथळे बाहेरून येत नाहीत, ते माणूस स्वतःच आणतो. म्हणून केवळ फोनवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद करणे पुरेसे होत नाही. काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा. उठून जाण्यासाठी जी दहा पावले लागतात, त्यांत तो गेलेला क्षण परत मिळतो.

येरळाकाठ

मी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातला. आमच्याकडच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती फोन आले होते आणि शाळा उघडल्यावरही ते सुटत नव्हते. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावत होते. मुलाला अभ्यासाला बसवून बाप मालिका पाहत बसला, तर ते चालणार नव्हते, म्हणून नियम सर्वांना सारखा ठेवला. धम्मगिरीतही शेजारच्या आसनावरची व्यक्ती मौनात होती म्हणून आपल्याला मौन सोपे गेले असावे. घरी आपण एकट्याच बसत असाल, तर घरातल्यांनाही विचारून पाहा.

मुळाकाठ

सर्वांची मी ऋणी आहे. आठ दिवस फोन स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून काम केले. परवा एक शब्द अडला, मी उठले आणि दारापर्यंत गेल्यावर घशाखालची ती चुळबुळ पहिल्यांदाच स्पष्ट जाणवली. तिथेच थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन बसले. शब्द संध्याकाळपर्यंत सापडला नाही, पण फोनही घेतला नाही. घरी साडेसातची वेळ सुचवली होती. सासऱ्यांना तेव्हा बातम्या पाहायच्या असतात, म्हणून आठ ते नऊ ठरले आहे आणि माझी सुटलेली बैठकही आता त्याच तासाला होते.