‘सेवेत विश्वासू’ बरोबर आहे का? कबरीच्या दगडासाठी शब्द हवा आहे

मुळाकाठ: आजोबांच्या कबरीवरचा दगड बदलायचा आहे. जुन्यावर ‘फेथफुल इन मिनिस्ट्री’ अशी इंग्रजी ओळ होती. आईला या वेळी मराठीच हवी. मी ‘सेवेत विश्वासू’ सुचवलं. ती म्हणाली, “घरगड्याला दाखला दिल्यासारखं वाटतं.”

आजोबा नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. १९७२च्या दुष्काळात चर्चच्या मंडळीतली निम्मी घरं खडी फोडायला गेली, तेव्हा तेही गेले. आठवडाभर हातात हातोडा आणि रविवारी त्याच खडीच्या ढिगापाशी उपासना. त्यांची वही माझ्याकडे आहे. वर्गणीच्या रकान्यात पैशांऐवजी ‘ज्वारी, अर्धी पायली’ अशा नोंदी आहेत. पुढे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत नुसत्या आडव्या रेघा. पण प्रत्येक रेघेपुढे त्या घरात कोण आजारी, कोण गाव सोडून गेलं, हे लिहिलेलं आहे. अशा माणसाला ‘विश्वासू’ पुरतो का? दगडावर वीसेक अक्षरं बसतील.

सुवेळी_अवेळी: ‘विश्वासू’ काढू नका. बायबलमध्ये मत्तयातला ‘भल्या व विश्वासू दासा’ लहानपणापासून आपल्या कानांत आहे. प्रकटीकरणात ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ आहे. आमच्या आईच्या दफनविधीला पाळकसाहेबांनी तेच वचन घेतलं होतं. बाहेरच्या माणसाला दाखला वाटला तर वाटू दे. त्या दगडापुढे उभी राहणार ती मंडळीच.

गोदातीर: मी ख्रिस्ती नाही, पण शब्दाबद्दल बोलतो. ‘विश्वासू’ म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास टाकावा असा. म्हणजे शिक्का धन्याचा. त्या माणसाने स्वतः काय सोसलं, ते त्यात येत नाही. ‘एकनिष्ठ’ घ्या. निष्ठेत ‘स्था’ धातू आहे, पाय रोवून उभं राहणं आहे.

मुळाकाठ: ‘एकनिष्ठ’ही आईला वाचून दाखवला. तिला तो पक्षाच्या फलकावरचा वाटला.

अक्षरखूण: मग ‘इमानेइतबारे सेवा केली’ का नको? माझे वडील पोस्टमन होते. निवृत्तीच्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून हेच शब्द म्हटले, आणि वडील आयुष्यात एकदाच रडले ते तेव्हा. शिवाय ‘इमान’ अरबीत श्रद्धाही आहे आणि मराठीत सचोटीही. ग्रीक नव्या करारातल्या ‘पिस्तोस’ शब्दाचंही तसंच आहे, विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ‘विश्वासू’त त्यातला एकच उतरतो.

गोदातीर: मराठी पाळकाच्या कबरीवर अरबी शब्द? संस्कृतातून आलेले इतके शब्द हाताशी असताना?

अक्षरखूण: त्या कबरीपाशी प्रार्थना संपताना सगळे ‘आमेन’ म्हणतील. तो हिब्रू आहे, आणि ‘आमेन’ व ‘इमान’ या दोन्हींच्या मुळाशी एकच सेमिटिक धातू आहे. एक चालतो तर दुसरा का नाही?

गोदातीर: ‘आमेन’ विधीतला शब्द आहे, तो बदलत नाहीत. दगडावरची ओळ आपण निवडतो. निवडायचीच तर आपली निवडावी, इतकंच माझं म्हणणं.

सुवेळी_अवेळी: ‘आपली’ म्हणजे कोणाची, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता. संस्कृत कोळून प्यालेल्या बाई, पण बायबल त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत उतरवलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. ज्या मुलीवर मुक्ती मिशनचा, म्हणजे बाईंच्या निराधार बायकांसाठीच्या आश्रमाचा, पुढचा सगळा भार टाकायचा, तीच गेली. तरी केडगावात बाई भाषांतराच्या कागदांवर बसल्या होत्या. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. कठीण काळातली सेवा म्हटलं की मला तो कागदांचा गठ्ठा आठवतो.

वसईची_वाट: आमच्याकडे ‘पाळक’ कोणी म्हणत नाही. फादर, नाहीतर धर्मगुरू. पण मला ‘दास’ शब्दाबद्दल बोलायचं आहे. गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांनी १६७७ साली सांकवाळला स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिलं. दस्तऐवजच केला. पुढे १६८७ साली ते वेश पालटून सिलोनला गेले, कारण तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीत देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी सोडलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. ‘दास’ हलका शब्द नाही. मुळाकाठ, आईंना हे सांगा.

गोदातीर: ‘दास’ला माझी काहीच हरकत नाही. रामदास, तुलसीदास, आपल्याकडे ती पदवीच आहे. पण ‘पाळक’ मात्र मला खटकतो. माणसं पाळायची असतात का?

सुवेळी_अवेळी: मेंढपाळ म्हणतो तोच ‘पाळ’ आहे. शब्द पाळायचा, दिवस पाळायचा, त्यातलाही तोच. आणि ‘पाद्री’ तर पोर्तुगिजांकडून आला. आम्हाला तो बाहेरच्यांनी लावलेला वाटतो, लहानपणी शाळेत चिडवायला वापरलेला आहे.

वसईची_वाट: चिडवण्यासाठी वापरला म्हणून शब्द टाकायचा? ‘पाद्री’त बाप आहे.

मुळाकाठ: दगड राहिला बाजूला, पण एक सांगते. काल आजोबांच्या मंडळीतल्या एका आजींना फोन केला. नव्वदीच्या आहेत. त्यांना म्हटलं, आजोबांबद्दल एकच गोष्ट लिहायची तर काय लिहू? त्या म्हणाल्या, “पाळकसाहेबांनी आम्हाला टाकलं नाही. मिशनने दुसरीकडं बोलावलं व्हतं, गेले न्हाईत.” ही बदलीची गोष्ट आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हती.

अक्षरखूण: ‘टाकलं नाही.’ नवऱ्याने टाकलेली म्हणतो तेच क्रियापद आहे हे. माझा ‘इमानेइतबारे’ मी मागे घेते.

गोदातीर: बोलण्यात फार मोठं आहे. दगडावर नकारार्थी ओळ मात्र अपुरी वाटेल. कर्ता नाही, कर्म नाही.

सुवेळी_अवेळी: मंडळीला कर्ताही माहीत आहे आणि कर्मही.

पायली_पसा: मध्येच विचारतो. नगरकडे अर्ध्या पायलीला ‘अधोली’ म्हणायचे ना? पायली चार शेरांची, अधोली दोनची. वहीत खरंच ‘अर्धी पायली’ लिहिलंय का?

मुळाकाठ: वही उघडून पाहिली. ‘अधोली’च आहे, सगळीकडे. मीच इथे सोपं करून लिहिलं. एका ठिकाणी ‘अधोली, परत दिली’ असंही आहे. पान उद्या टाकते.