मदत हवी आहे: फँटसी स्टार ४ मध्ये ट्रायब्लास्टर जमत नाहीये, अ‍ॅलिस आहे तोवर जमवायचाय

नमस्कार मंडळी, मेगा ड्राइव्हवरचा (सेगाचा जुना कन्सोल) फँटसी स्टार ४ हा गेम कोणी शेवटपर्यंत खेळलं असेल तर प्लीज सांगा, तीन दिवस झाले एकाच गोष्टीत अडकलेय. गोष्ट पुढे सरकतेय, टोनोए गावातून आल्शलाइन नावाचं औषध आणून झेमा गावातल्या दगड झालेल्या लोकांना परत माणसात आणलं, तिथे काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम कॉम्बिनेशन अटॅकचा आहे. माझ्या पार्टीतल्या अ‍ॅलिसचं फोई, हानचं वॅट आणि चॅझचं त्सू ही जादू एकाच राउंडला पाठोपाठ पडलं की तिन्ही मिळून ट्रायब्लास्टर होतो आणि समोरची अख्खी रांग भाजून निघते, एवढं माहितीये, दोनदा झालाही. पण बाकी वेळेला तिघांचं तीन दिशांना जातं, टीपी (जादू वापरायचे पॉइंट) संपतात आणि मी मुकाट्याने गावात परत येऊन इनमध्ये झोपते. दर राउंडला तिघांना एकेक करून कमांड देते मी. हानचा नंबर येईस्तोवर मधेच एखादा राक्षस चावून जातो, तेच कारण आहे का? की लेव्हल कमी पडतेय? कुठल्या कॉम्बिनेशनला काय लागतं ते गेम स्वतः यादी करून सांगत नाही, त्यामुळे अंदाजानेच चाललंय सगळं.

घाई का करतेय तेही सांगते (ज्यांना पुढचं कळायला नकोय त्यांनी हा पॅरा सोडा). कॉलेजात असताना रूममेटच्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर टाकून खेळले होते. झिओ या खलनायकाच्या हल्ल्यानंतर अ‍ॅलिस क्रुप गावात पलंगावर पडून असते, स्क्रीनवर मांगासारखे चौकोन एकावर एक उघडत जातात, आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं की औषध मिळेल, झेमाला मिळालं तसं. जुना सेव्ह लावून सगळी दुकानं परत पालथी घातली होती. नाहीच मिळत. त्या वेळी मी तिला नुसता स्लॅशर (तिचं फेकायचं हत्यार) फेकायला लावायचे, सगळ्यांना एकदम लागतो म्हणून, फोई कधी वापरलंच नाही. २०२२ मध्ये रिएको कोडामा गेल्याचं वाचलं, पहिल्या भागापासून मालिकेत होत्या आणि चौथ्याच्या दिग्दर्शकही त्याच, तेव्हापासून मनात होतं की हा नीट, सावकाश परत खेळायचा. म्हणून अ‍ॅलिस पार्टीत आहे तोवर तिघांचा ट्रायब्लास्टर हुकमी जमला पाहिजे.

प्रतिसाद १
ताई, लेव्हलचा काही संबंध नाही. मेनूत मॅक्रो म्हणून आहे बघा, त्यात तिघांच्या कमांड एकदाच भरून ठेवायच्या आणि लढाईत हाताने न देता तो मॅक्रो लावायचा, म्हणजे ते लावलेल्या क्रमाने एकामागे एक हलतात. हाताने दिलं की ज्याची चपळाई जास्त तो आधी जातो आणि मधल्या फटीत शत्रू घुसतो, तो घुसला की जोडी तुटली. मॅक्रो लावूनही कधीतरी घुसतो, पण फारच कमी वेळा. मी तर सुरुवातीलाच पियाटा गावातल्या तळघरातून बाहेर आल्या आल्या पहिला मॅक्रो हाच लावतो. पुढे चॅझचा क्रॉसकट आणि पार्टीतल्या रूनचा एफेस हे दोन हल्ले मिळून ग्रँडक्रॉस होतो, त्यालाही एक जागा मोकळी ठेवा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फोईऐवजी नंतर गिफोई (फोईचंच वरचं रूप) भरलं तरी चालतं. आणि क्रुपच्या सीनबद्दल, मीही दुकानं पालथी घातली होती ताई.

धागाकर्ती
झाला!! मॅक्रोत आधी अ‍ॅलिस, मग हान, मग चॅझ असे लावले आणि झेमाच्या बाहेर वाळूत सलग चार लढायांत चारही वेळा बसला. दोघांचेही मनापासून आभार. गोष्टीत पुढचा टप्पा असलेल्या बर्थ व्हॅलीत लगेच जात नाहीये, दोन-तीन दिवस इथेच वाळूत फिरणार आहे तिघांना घेऊन.