फक्त कायदा करून भागेल का?

"अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढला, तर काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) सरळ कायदा करावा, त्यात काय अवघड?" असं तुम्ही विचारलंय. प्रयत्न झाला होता हो. हा हक्क कायद्यात आणणारं 'विमेन्स हेल्थ प्रोटेक्शन ॲक्ट' नावाचं विधेयक सप्टेंबर 2021 मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, मात्र मे 2022 मध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी अडलं. आणि खरी गोम इथे आहे: 51 मतं बाजूने पडली असती तरी उपयोग नव्हता, कारण चर्चा थांबवून मतदानाला यायलाच तिथे 100 पैकी 60 मतं लागतात. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, 24 जूनला, डॉब्स खटल्याचा निकाल आला आणि गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973 चा रो निकाल मोडीत निघाला.

दुसरं म्हणजे, संसदेने दिलेलं पुढची संसद काढूनही घेऊ शकते. 2022 च्याच सप्टेंबरात रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी 15 आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर देशभर बंदी घालणारं विधेयक आणलंच की!

आपल्याकडे 1971 पासून संसदेचाच कायदा आहे, त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतीलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. (हे किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.) 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली. पण त्यात निर्णय डॉक्टरांच्या मतावर टांगलेला आहे, बाईच्या इच्छेवर नाही. त्यामुळे "भारत अमेरिकेच्या पुढे" हे तुमचं वाक्य मला अर्धंच पटतं.