प्रति: नुसत्या गस्तीनं मोटारपंपाची केबल वाचत नाही

केबलचोरी थांबवायला रात्रीची गस्त घाला असं वर सुचवलंय, बरोबरच आहे. पण वावरातली केबल चोर नेमकी लाइन बंद असताना कापतात, म्हणून गस्तीची वेळ फीडरच्या (शेतीला वीज देणाऱ्या लाइनच्या) वेळापत्रकावरून ठरवा. गस्तीला चौघं जण, टॉर्च, शिट्टी; पांदण रस्ता आणि नाल्याकाठावर जास्त लक्ष. तिथेच आवरण जाळून तांबं काढतात, जळक्या प्लास्टिकचा वास लांबूनही येतो. गस्तीतल्यांची नावं पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात आधी नोंदवा, नाहीतर रात्री पोलिसांची गाडी तुम्हालाच थांबवील!

खरी गोची पुढं असते. माल सापडतो, पण तो आपलाच हे सिद्ध होत नाही. मोटारीच्या पाटीचा फोटो आणि बिल जपून ठेवा. पाटी उपटली जाते, म्हणून बॉडीवर पंचानं (आकडे ठोकायच्या हत्यारानं) शेताचा गट नंबर ठोका. तक्रारीत केबलची लांबी, कोर (आतल्या तारा किती), कंपनी लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

कोणी सापडलाच तर 112 लावा. मारहाण केली तर गुन्हा आपल्यावर. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 40 प्रमाणे 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावाच लागतो.

आणि भंगारवाल्यांकडं कोण काय विकतं, याची वही तपासायला बीट अंमलदाराला (आपल्या भागाच्या पोलिसाला) सांगा.