आईचा शिकाऊ परवाना : आधारकार्डावर तुळजापूर, राहणे सोलापुरात

नमस्कार. माझी आई आता जुळे सोलापुरात आमच्याकडे राहते आणि पन्नाशीनंतर जिद्दीने स्कूटर शिकू पाहते आहे, याचा मला फार आनंद आहे. शिकाऊ परवान्याचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर भरायचा असून, चाळिशी ओलांडलेल्यांना लागणारे नमुना १-अ चे वैद्यकीय प्रमाणपत्र आम्ही डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घेतले आहे. परंतु तिच्या आधारकार्डावर अजून तुळजापूरचा, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला, पत्ता आहे. आधार पडताळणीने घरबसल्या चाचणी दिल्यास परवान्यावर तोच पत्ता येईल का? की आधी आधारवरील पत्ता बदलून घ्यावा? पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर, शिकाऊ परवान्याच्या ६ महिन्यांच्या मुदतीतच द्यावी लागते आणि ती सोलापुरातच व्हावी, अशी आईची इच्छा आहे. असा अर्ज अलीकडे केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.